माकडाचं पिल्लू, शार्कचं पिल्लू

माझा मामा प्राणिसंग्रहालयात आहे, असं मी शाळेत सांगितलं की मुलं लगेच विचारायची, "कुठल्या पिंजऱ्यात?" त्यावरून मी एकदोघांना चांगलं बदडलंय. मामाला कुणी हसलेलं मला तेव्हा खपत नसे. त्याच्यावर चिडायचा हक्क फक्त घरच्यांचा, आणि तो मी पुढे मनसोक्त वापरला.

मामा तिथल्या मत्स्यालयात होता. दर रविवारी दुपारी तो मत्स्यालयाच्या दारात उभा राहायचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्याच्या एका हाताला माकडाचं मोठं रंगवलेलं चित्र, दुसऱ्या हाताला शार्कची टाकी. गर्दी जमली की तो घसा खाकरायचा आणि सुरू व्हायचा.

"मंडळी, इकडे लाल तोंडाचं माकड, तिकडे बांबू शार्क. दोघांत शहाणं कोण? माकडाला दात दोनदा येतात, तुमच्या-माझ्यासारखे. पडले की बसा मऊ केळी खात. शार्कचे दात पडतात आणि नवे येतात, मरेपर्यंत येतच राहतात. दातांच्या डॉक्टरची भानगडच नाही. माकडाच्या अंगात हाडंच हाडं, झाडावरून पडलं की मोडलीच. शार्कच्या अंगात हाड औषधालाही नाही. आपल्या नाकाचा शेंडा असतो ना, तसलं मऊ सगळं. माकडाच्या कळपात मोठी बाई कोण, धाकटी कोण, कुणी कुणापुढे मान खाली घालायची, कोण कुणाशी बोलत नाही... थोडक्यात, आमचं ऑफिस. शार्कला कुणाचं घेणं ना देणं."

इथे लोक हसायचे. मग तो आवाज खाली आणायचा.

"आता पोरांचं बघा. माकडाचं पिल्लू जन्मतं ते आईच्या पोटाला चिकटतं. सुटलं की ओरडतं. आई खायला बसली तरी हे पोटाशी, पळाली तरी पोटाशी. नाकी नऊ आणतं. आणि मुलगी असली तर मोठी होऊनही आईचा कळप सोडत नाही. बांबू शार्कची आई चामड्याच्या चपट्या पाकिटासारखं अंडं घालते आणि हात झटकून मोकळी! चार-पाच महिन्यांनी आतून पट्ट्यापट्ट्यांचं, वीतभर पिल्लू स्वतःच बाहेर येतं. आई नाही, बाप नाही, टाहो नाही. पहिले काही दिवस पोटातल्या शिदोरीवर काढतं आणि मग आपलं आपण शिकार करतं. तर पोरांनो, तुम्हाला कोण व्हायला आवडेल?"

"माकड!" सगळी पोरं ओरडायची.

"मी तर बाबा शार्क होईन," असं म्हणून मामा चिमट्यात कोळंबी धरून टाकीपाशी जायचा. लोकांना वाटायचं, गमतीशीर माणूस आहे. पोरं त्याला शार्कमामा म्हणायची. त्याचं बोलणं ऐकायला लोक पुन्हा पुन्हा यायचे. मीही सुरुवातीला हसायचे. पण हा माणूस हीच गंमत घरी नेऊन आपल्या मुलीवर चालवतोय हे कळलं, तेव्हापासून मी रविवारी तिकडे फिरकले नाही.

हे सगळं कुठून आलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला नुसता दगड समजाल. तो दगड नव्हता, आणि तेच तर दुखतं.

मत्स्यालयाच्या आधी मामा माकडांकडेच होता. नवीन लग्न झालेलं. आम्ही तळमजल्यावर राहायचो, मामा-मामी वरच्या मजल्यावर. एक माकडीण बाळंत झाली आणि गेली. पिल्लू मामाच्या गळ्यात पडलं, अगदी शब्दशः. तो ते शर्टाच्या आत छातीशी धरून फिरायचा. बाहेर फक्त डोकं आणि दोन डोळे. कामावरून येतानाही तसाच यायचा. मामी बाटलीने दूध पाजायची, माझी आई शिलाई मशीनवरच्या उरलेल्या तुकड्यांची त्याला दुपटी शिवायची. पिल्लू मादी होतं, तिचं नाव पडलं छकुली. मी तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांची असेन, आणि मला तिचा भयंकर हेवा वाटायचा. माझ्या मामाच्या मांडीवर बसायला गेले की ही आधीच तिथे.

छकुली मामाच्या डोळ्यांत बघायची. तो वाटी धुताना, जेवताना, वर्तमानपत्र वाचताना. तोही काम थांबवून तिच्याकडे बघायचा आणि जीभ टाळ्याला लावून टक् टक् आवाज करायचा. मामी म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत हो." मामा लाजायचा.

छकुली वर्षाची झाली तेव्हा साहेबांचा हुकूम आला की आता तिला कळपात सोडा. मामाने सोडलं. आणि ती पोर काय करणार? ती जे शिकली होती तेच तिने केलं. कळपातल्या सगळ्यात मोठ्या माकडिणीसमोर जाऊन बसली आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिली. माकडांमध्ये असं टक लावून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं. धाकटीने नजर वळवायची असते, दात दाखवून माफी मागायची असते. हे छकुलीला कुणी शिकवलंच नव्हतं. कळपाने तिला चावून चावून रक्तबंबाळ केलं. पुन्हा बरी केली, पुन्हा सोडली, पुन्हा तेच झालं. शेवटी ती जाळीला पाठ लावून बसायला लागली आणि मामा दिसला की जाळीतून हात बाहेर काढायची.

साहेब सगळ्यांसमोर मामाला म्हणाले, "लळा लावलास ना? केलंस तिचं वाटोळं."

छकुलीला मागच्या अंगाला एका एकट्या पिंजऱ्यात ठेवलं. तिच्याकडे जायचं नाही, गेलास तर आणखी बिघडेल, अशी मामाला ताकीद मिळाली. तो गेला नाही. पण त्याची चाहूल तिला लांबून लागायची आणि ती ओरडायची. काही दिवस त्याने कसेबसे काढले, मग साहेबांच्या हातापाया पडून मत्स्यालयात बदली करून घेतली. मत्स्यालय दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथे पंपांचा आवाज इतका असतो की बाहेरचं काही ऐकू येत नाही.

तिथे त्याने पहिल्यांदा शार्कचं अंडं बघितलं. मागून विजेरी धरली की आतलं पिल्लू वळवळताना दिसतं. एके दिवशी ते बाहेर आलं. मामा टाकीपाशी बसून राहिला, त्याला वाटलं आता हे काहीतरी मागेल. ते वाळूवर जाऊन गप्प बसलं. थोड्या दिवसांनी त्याने कोळंबीचा बारीक तुकडा स्वतः हुंगून शोधला आणि गिळला. मामा घरी आला तो खुशीत. मामीला म्हणाला, "बघ, कुणी जवळ घेतलं नाही, काही नाही, आणि पोर ठणठणीत!"

मामी तेव्हा पोटुशी होती. पुढे मुलगी झाली. सारखी स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या बाबतीत मामाने कानाला खडा लावला होता. हिला लळा लावायचा नाही. हिचं वाटोळं होऊ द्यायचं नाही.

तो तिला कधी रागवला नाही, कधी हात उगारला नाही. फक्त उचलायचा नाही. भिंगरी पडली की तो तिथेच थांबून म्हणायचा, "उठ." रडली की म्हणायचा, "थांबेल." मामी धावली तर तिला अडवायचा. "सवय लावू नकोस. उद्या आपण नसलो तर?" मामी स्वभावाने गरीब. तो कामावर गेला की पोरीला पोटाशी घेऊन बसायची, आणि जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज आला की खाली ठेवायची. माझी आई म्हणायची, "दादा, लेकरू आहे ते, मासा नाही." मामा हसून म्हणायचा, "शार्क मासाच आहे गं." असल्या उत्तराने माझ्या आईचं डोकं सणकायचं. माझा तापट स्वभाव कुठून आलाय ते यावरून कळेलच.

भिंगरी चालायला लागली तशी जिना उतरून आमच्याकडे यायची. मला घ्या, असं कधी म्हणायची नाही. आई मशीनवर बसलेली असायची, ही तिच्या पाठीशी जाऊन आपली पाठ टेकून बसायची. मशीन चाललं की आईची पाठ हलायची, हिची पण हलायची. आई मुद्दाम सरळ शिवण दोन-दोनदा घालायची. मी भिंगरीला ओढून मांडीवर घेतलं तर ती अंग ताठ करायची आणि मी सोडायची वाट बघायची.

आणि याच माणसाचं हेही मी डोळ्यांनी बघितलंय. भिंगरीला शाळेत घातलं त्या पहिल्या दिवशी मामाने तिला फाटकापाशी सांगितलं, "सरळ जा, दुसरं वळण घे." पोर दप्तर घेऊन एकटी निघाली. मी मागून निघाले होते. बघते तर समोरच्या फुटपाथवरून, दुकानांच्या आडून, मामा चाललाय. ती थांबली की हा खांबामागे. ती शाळेत शिरली तेव्हा त्याने रुमालाने आख्खं तोंड पुसलं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बरोबर का नाही गेलास?" तो म्हणाला, "गेलो असतो तर तिने हात धरला असता."

भिंगरी मोठी झाली ती सगळ्यांनी उदाहरण द्यावं अशी. आजारी पडली तर स्वतः औषध घ्यायची. परीक्षेच्या दिवशी कुणाला उठवावं लागलं नाही. मामाची छाती फुगायची. ती दुसऱ्या शहरात शिकायला गेली, तिथेच एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या कामाला लागली, लग्नही तिथेच केलं आणि मग आम्हाला कळवलं. रविवारी रात्री फोन करायची. "सगळं ठीक आहे ना? इकडे ठीक आहे. ठेवते." मामा फोन ठेवायचा आणि आम्हाला सांगायचा, "ठीक आहे ती." तेवढ्यासाठी तो कामावरून आल्यापासून फोनजवळ घुटमळलेला असायचा.

मामी गेली तेव्हा भिंगरी आली. सगळं तिने बघितलं. दवाखान्याचे कागद, येणारे-जाणारे, मामाची औषधं. डोळ्यांतून टिपूस नाही. संध्याकाळी बापलेक गॅलरीत उभे होते, हा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मी चहा घेऊन गेले तर मामा म्हणाला, "छान सांभाळलंस हो सगळं." ती म्हणाली, "हं." मला त्या क्षणी दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. दोघांच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं, आणि मधलं अंतर त्यांना ओलांडता येत नव्हतं.

मामा निवृत्त झाला त्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम माशांचं खाणं कापायच्या खोलीत झाला. मीही गेले होते. चहा झाला, भाषणं झाली, आणि संग्रहालयाची नवीन डॉक्टरीण, हसऱ्या चेहऱ्याची पोरगी, मामाला म्हणाली, "शार्कमामा, चला, एक गंमत दाखवते." ती आम्हाला माकडांकडे घेऊन गेली. इतक्या वर्षांत मामाने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. छकुली कधीच गेलेली होती, मागचा पिंजराही पाडला होता.

आवाराला लागून एक छोटी जाळीची खोली होती. आत एक कर्मचारी बाई बसली होती आणि तिच्या छातीला माकडाचं इवलं पिल्लू घट्ट चिकटलं होतं. जाळीच्या पलीकडे सगळा कळप. एक म्हातारी माकडीण जाळीतून बोटं घालून पिल्लाची शेपटी चाचपत होती.

"याची आई गेली," डॉक्टरीण म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आम्ही इथेच ठेवलंय. त्यांना हे दिसतं, याला ते दिसतात. ही म्हातारी घेईल बहुतेक याला."

मामा जाळीजवळ सरकला. मग त्याने विचारलं, "पण हिने असं धरून ठेवलंय ते? बिघडणार नाही?"

"धरल्याने कुठे कोण बिघडतं हो? पिल्लूच आहे ते, धरायलाच हवं. पूर्वी काय करायचे, घरी न्यायचे, वर्षभर माकडाचं तोंड दाखवायचे नाहीत आणि मग एकदम कळपात टाकायचे. आपल्या माणसांपासून तोडलं की बिघडतं, मामा. जवळ घेतलं म्हणून नाही."

तिला बिचारीला काय माहीत? ती सहज बोलून गेली आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळली. मामाने जाळी धरली. मी म्हटलं, "घरी जाऊ या." गळ्यातला हार तो रिक्षात विसरला.

घरी आल्यावर तो बूट न काढताच खुर्चीवर बसला. म्हणाला, "मी उलटं समजलो गं." "साहेब म्हणाले लळा लावलास, मी ते धरून बसलो. लळ्याने काही झालं नव्हतं. तिला एकटी पाडली म्हणून झालं. आणि मी... मी घरात काय केलं? दुसरीलाही एकटी पाडली." मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी मी त्याचे बूट काढले. माणूस चुकतो हे मला मान्य आहे. पण चूक कळायला आख्खी नोकरी सरावी लागावी, याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

त्यानंतर त्याला एकच ध्यास लागला. हे भिंगरीला सांगायचं. तिलाही वर्षाच्या आतली मुलगी होती, त्याने फक्त फोटोत बघितलेली. फोनवर तो सुरुवात करायचा, "भिंगरे, मी काय म्हणत होतो..." आणि तिकडून "हं, बोला" आलं की म्हणायचा, "काही नाही, जेवलीस का?"

मग एकदा तिचाच फोन आला. तिच्या कामाचं काहीतरी प्रशिक्षण आमच्याच शहरात होतं, आठवडाभर येणार, बाळाला घेऊन. बाळाला सांभाळायला बाई तिने तिकडूनच ठरवली होती. वडिलांना विचारावं हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. मामाने तीनदा फरशी पुसून घेतली.

ती आली त्या संध्याकाळी मी वर गेले होते. बाळाला आतल्या खोलीत पलंगावर उशांच्या मध्ये ठेवलं होतं. भिंगरी बाहेर बसून बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत होती. आतून रडणं सुरू झालं. आधी कुरकुर, मग भोकाड. मामा खुर्चीतून अर्धा उठला.

"अगं, रडतेय ती."

"हो. थांबेल."

"भूक लागली असेल."

"आत्ताच दूध झालंय. कोरडी आहे, ताप नाही. थांबते आपली आपण."

"घेऊन तर बघ."

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "सवय लागते."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मामाचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. त्याने खुर्चीचा हात धरला आणि इतके महिने घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. छकुलीचं, साहेबांचं, डॉक्टरणीचं. "मी शार्कचं माणसाला लावलं गं. शार्कच्या पिल्लाला आई लागतच नाही, ते तसंच पुरं होऊन येतं. माणसाचं येत नाही. माकडाचंही येत नाही. मी चुकलो. तुला उचलायला हवं होतं."

भिंगरीने हातातला फ्रॉक खाली ठेवला. आत रडणं चालूच होतं.

"बरं," ती म्हणाली. "पण आता मी काय करू? मला जमत नाही, बाबा. दूध पाजताना घेते, आंघोळीला घेते. पण ती रडत असली आणि घेतली की माझे हात ताठ होतात. तिला कळतं ते. ती आणखी रडते. मग मी खाली ठेवते."

मामा उठला आणि आत गेला. आम्ही दोघी दारात. त्याने बाळाच्या मानेखाली एक हात सरकवला, एक हात पाठीखाली, आणि उचललं. कसलीही घाई नाही, अडखळणं नाही. छातीशी धरून गाल तिच्या डोक्याला टेकवला आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला लागला. बाळाने दोन हुंदके दिले, त्याच्या शर्टात तोंड खुपसलं आणि गप्प झालं.

भिंगरी त्याच्या हातांकडे बघत होती.

"तुम्हाला येत होतं," ती म्हणाली.

मामाने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलायला त्याला मुभा होती. मी असते तर बोलले असते.

"हो," तो म्हणाला. "तुझ्या आधीपासून."

कुणीतरी मामाला हे तोंडावर सुनवावं म्हणून मी इतकी वर्षं तळमळत होते. आणि आता माझ्याने तिथे उभं राहवेना. मी जिना उतरून खाली आले.